गिऱ्हाईक आहे, गल्ला रिकामा का?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या देशात बाहेर खाण्याचे प्रमाण वाढत आहे, हे पटवून देण्यासाठी आकडेवारीची गरज उरलेली नाही. तालुक्याच्या गावातही बसस्थानकासमोर जेथे पूर्वी एखादी खानावळ आणि दोन वडापावच्या गाड्या असत, तेथे आज पिझ्झा, मोमो आणि बिर्याणीच्या पाट्या झळकतात. तरीही हॉटेलमालक कुरकुरतो, आणि त्याची कुरकुर खोटी नाही.

दोनशे रुपयांच्या एका ऑर्डरचा हिशेब पाहू. ती ॲपवरून आली आणि करारात कमिशन पंचवीस टक्के ठरलेले असेल, तर पन्नास रुपये तेथेच जातात; त्या कमिशनवर अठरा टक्के जीएसटी म्हणजे आणखी नऊ. उरलेल्या एकशे एकेचाळीस रुपयांत किराणा, भाजी, व्यावसायिक गॅस, पगार, डबे-पिशव्या आणि गाळ्याचे भाडे भागवायचे असते. येथे कररचनेचा एक पेच आहे. नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक उपाहारगृहांच्या बिलावर केवळ पाच टक्के कर लागतो, हे ग्राहकाच्या सोयीचे झाले. परंतु त्या बदल्यात भाड्यावर, यंत्रसामग्रीवर आणि कमिशनवर भरलेला कर मालकाला वळता करून घेता येत नाही. म्हणजे वरचे नऊ रुपये त्याच्याच खिशातून जातात. शिवाय तेच गिऱ्हाईक पुन्हा आले, तरी त्याचा फोन नंबर ॲपकडे राहतो, हॉटेलकडे नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने याच स्वरूपाच्या तक्रारी मांडल्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगी यांच्या चौकशीचा आदेश दिला होता.

मग मोठ्या साखळ्या कशा तगतात? त्यांचे बळ चवीपेक्षा पुरवठ्यात आहे, असे माझे मत आहे. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्सने दिल्ली आणि मुंबईत दुकाने उघडली, त्याआधी काही वर्षे कंपनी पुरवठादार घडवत होती: आइसबर्ग लेट्यूस तळेगाव परिसरातून, चीज बारामतीहून. बर्गर नंतर आला, शेत आणि शीतगृह आधी उभे राहिले. अर्थात निसर्गापुढे ही तयारीही तोकडी पडते. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटोचे भाव कडाडले, तेव्हा उत्तर आणि पूर्व भारतातील याच साखळीच्या अनेक दुकानांनी, दर्जेदार माल मिळत नाही असे सांगून, बर्गरमधून टोमॅटोच काढून टाकला. मिसळवाल्याला अशी सूचना लावून मोकळे होता येत नाही. त्याच्या रश्श्याचा रंग फिका पडला, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी समोरच्या टपरीवर दिसते.

लहान हॉटेलांना साखळीचे भांडवल मिळणार नाही, पण तिची खरेदीची पद्धत उचलता येईल. एका भागातील वीस-पंचवीस हॉटेलांनी कांदा, तेल आणि बटाटा एकत्र घेतला, इडली-डोशाचे पीठ किंवा वाटणे एका सामाईक स्वयंपाकघरात तयार करून घेतली, तर भावही खाली येतील आणि चवीत सातत्यही राहील. सहकाराची सवय असलेल्या महाराष्ट्रात हे अशक्य नाही. अडते ते शेजारच्या हॉटेलवाल्यावर विश्वास ठेवण्यापाशी, आणि मसाल्याचे प्रमाण तर सख्ख्या भावालाही न सांगणारे मालक आपल्याकडे कमी नाहीत.

सुरक्षेच्या खर्चात मात्र काटकसर चालणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारातील रेस्टॉरंट-पबना लागलेल्या आगीत चौदा जणांचा जीव गेला. तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक, पंचवीस टक्क्यांवर गेली की ते तेल टाकून द्यावे, हा २०१८ पासूनचा नियम आहे. तो वडे तळणाऱ्या गाडीपर्यंत पोहोचवायचा, तर दंडाच्या आधी तपासणीचे स्वस्त साधन आणि जुने तेल विकत घेणारा माणूस तिच्या दारात आला पाहिजे. जैवइंधनासाठी वापरलेले तेल गोळा करणारे व्यावसायिक आता शहरांत आहेत, त्यामुळे त्या तेलाचे चार पैसेही येतात.

राहता राहिला कामगार. टाळेबंदीत गावी गेलेले अनेक आचारी परतले नाहीत आणि हॉटेल व्यवस्थापनाचे पदवीधर तारांकित हॉटेलांकडे किंवा जहाजांकडे वळतात. बारा वर्षे भट्टीवर काढलेल्या वस्तादाकडे एकही कागद नसतो. त्याच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद केंद्र सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आहे. मालक संघटनांनी हे काम अंगावर घ्यावे, कारण त्या प्रमाणपत्राबरोबर पगार वाढवावा लागला, तरी दर दोन महिन्यांनी नवा माणूस शोधून शिकवण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल.