‘स्वमग्न’ या शब्दानं आमची पाच वर्षं घेतली

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? पत्रिकेत विषय छापलाय ‘ऑटिझम : मुलांमधलं आणि मोठ्या माणसांमधलं निदान’. तिकडे मी येणारच आहे, पण त्याआधी मला एका शब्दाबद्दल बोलायचंय, कित्येक वर्षं मनात साचलंय आणि आज तुम्ही एवढे जण समोर बसलाय तर बोलूनच घेते. शब्द आहे ‘स्वमग्न’.

मी तीस वर्षं पेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवलं. मुलांनी ‘टाइमटेबल’ म्हटलं की मी ‘वेळापत्रक’ म्हणायला लावायचे, ‘होमवर्क’ म्हटलं की ‘गृहपाठ’. त्यामुळे ऑटिझमला ‘स्वमग्नता’ हा शब्द पहिल्यांदा पेपरात वाचला तेव्हा मला तो आवडला होता, खरं सांगते. छोटा आहे, कानाला गोड आहे, आणि भाषांतर म्हणून अचूकही आहे हो. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञांनी १९११च्या सुमारास ऑटिझम हा शब्द घडवला तो ग्रीक ‘ऑटोस’वरून, म्हणजे स्वतः. पण त्यांनी तो वापरला स्किझोफ्रेनियाच्या पेशंटसाठी, जगाकडे पाठ फिरवून स्वतःच्या आत शिरलेल्या माणसांसाठी. मग १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर लेख लिहिला, आठ मुलगे आणि तीन मुली, आणि त्यांनी हाच शब्द उचलला. दुसऱ्याच आजाराच्या मापाचं झबलं या मुलांच्या अंगात घातलं आणि आपण मराठीत त्याच मापाचं दुसरं शिवलं. (कॅनरच्याही आधी, १९२०च्या दशकात, मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या बाईंनी अशी मुलं फार बारकाईनं टिपून ठेवली होती, पण त्यात शिरले तर आपले आठ इथेच वाजतील.)

तर मग्न म्हणजे बुडालेला. जलमग्न, तसा स्वमग्न. हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर काय येतं? कोपऱ्यात बसलेलं, न बोलणारं, स्वतःशीच झुलणारं लेकरू. अशी मुलं आहेत, त्यांच्या आयांनी काय काढलंय ते मी जवळून बघितलंय, त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण आमच्या घरात जो होता तो दिवसभर बोलायचा.

माझा मुलगा १९९९चा. पावसाळ्यात आपल्याकडे पेपरात धरणांच्या साठ्याचा चौकोन येतो बघा, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, आज किती टीएमसी, गेल्या वर्षी याच दिवशी किती. तो चौकोन म्हणजे त्याचं सगळं जग होतं. चार वर्षांचा असताना अक्षरं यायच्या आधी तो आकडे वाचायला लागला. वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१, खडकवासला १.९७, चारी मिळून २९.१५. गॅसवाला आला, कुरियरवाला आला की त्याचा पहिला प्रश्न, तुमच्याकडे कुठल्या धरणाचं पाणी येतं? समोरचा हसायचा, हा उत्तराची वाट बघत उभा. दार लावलं तर रडायचा, कारण उत्तर राहिलं ना. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी त्याचे हात कानावर असायचे. शर्टाच्या मागचं लेबल कापल्याशिवाय शर्ट अंगात जात नव्हता. जुलैत ढोलपथकांचा सराव सुरू झाला की दोन महिने आम्ही संध्याकाळी बाथरूमचं दार लावून आत बसायचो, मी बादलीत नळ सोडायचे आणि तो धरण भरतंय म्हणून शांत व्हायचा.

तो पाच वर्षांचा असताना मी स्वतः त्याला एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. नाव सांगणार नाही, विचारू नका. दीड तास बाहेर, आत सात मिनिटं, मी घड्याळ बघितलं होतं. मी म्हटलं, सर, मी ऑटिझमबद्दल वाचलंय, मला शंका येतेय. त्यांनी याला नाव विचारलं. यानं नाव सांगितलं, आणि लगेच विचारलं की तुमच्या दवाखान्यात कुठल्या धरणाचं पाणी येतं. डॉक्टर खूष झाले. मला म्हणाले, अहो बाई, स्वमग्न मुलं अशी असतात का? हा तर माझ्याशी गप्पा मारतोय. आणि मी काय केलं माहितीये, मला हायसं वाटलं. मी घरी येताना चितळ्यांकडून पाव किलो बर्फी घेतली. त्या बर्फीची आठवण आजही नको वाटते मला.

बोलतोय हे त्यांनी बघितलं, तो कोणाशी काय बोलतोय, समोरच्याचा चेहरा बघून विषय बदलतोय का, त्यांच्या प्रश्नावर त्याचा प्रश्न बेततोय का, हे बघायला सात मिनिटं पुरत नाहीत, आणि मुळात ‘स्वमग्न’ ठरायला मूल गप्प असायला हवं हे आधीच मनात पक्कं होतं. शब्दानं आधीच ठरवून टाकलं होतं कुणाला शोधायचं ते.

त्यापुढची पाच वर्षं शाळेच्या डायरीत आहेत. ‘लक्ष नसते.’ ‘उद्धट उत्तरे देतो.’ उद्धट म्हणजे काय ऐका. बाई वर्गाला म्हणाल्या, हाताची घडी, तोंडावर बोट. सगळ्या वर्गानं केलं. हा उभा राहिला आणि म्हणाला, बाई, दोन्ही एकदम होत नाही, घडी घातली की बोट आत जातं. त्यानं आधी करून बघितलं होतं, खरंच जमेना म्हणून विचारत होता. आत्ता तुम्हीसुद्धा करून बघताय, बघा! बाईंनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं, अर्धा तास. मला त्या बाईंचा राग येत नाही, मी स्वतः तीस वर्षं हेच वाक्य वर्गात म्हटलंय आणि अशा मुलांना ‘आगाऊ’ म्हटलंय, त्यातली किती मुलं काय होती देव जाणे. दर सोमवारी सकाळी त्याच्या पोटात दुखायचं. मनगटावर स्वतःच चावल्याचे वळ असायचे, ते मी पूर्ण बाह्यांच्या शर्टात झाकायचे.

एक लग्नाचं सांगते आणि मग मुद्द्यावर येते. २००६ साल, कर्वे रोडवरचं कार्यालय. नवऱ्या मुलीचे आजोबा खुर्चीवर बसलेले, मूळचे नारायण पेठेतले. कुणीतरी सहज म्हणालं की यांचं घर पानशेतच्या पुरात गेलं. झालं. हा सात वर्षांचा, समोर जाऊन उभा, म्हणतो, १२ जुलै १९६१, तुमच्या घरात किती फूट पाणी आलं? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लग्नघर, माणसाचं घर वाहून गेलेलं, आणि हा फूट विचारतोय. मी त्याला ओढायला गेले तर आजोबांनी हातानं मला थांबवलं आणि म्हणाले, कोटाच्या खुंटीपर्यंत. माझा कोट खुंटीला होता, त्याचा खिसा ओला झाला, कॉलर कोरडी राहिली. यानं विचारलं खुंटी किती उंचीवर. आजोबांनी उठून भिंतीवर हात लावून दाखवला. पुढे तासभर दोघं बोलत होते, पंगत उठून गेली. निघताना त्यांच्या सूनबाई मला म्हणाल्या, बाबा पुराबद्दल घरात कधी बोलत नाहीत, कुणी नीट विचारतच नाही त्यांना.

डेमियन मिल्टन म्हणून एक ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ साली मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं एका बाजूनं म्हणणं अपुरं आहे, इतरांनाही त्याचं मन तितकंच कळत नाही, अडचण दोघांच्या मधे आहे. ते वाचताना मला ती खुंटी दिसली.

२००९ साली, तो दहा वर्षांचा असताना, एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंनी तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून पाच तास त्याच्यासोबत आणि आमच्यासोबत घालवले, त्याच्या पहिल्या तीन वर्षांबद्दल खोदून खोदून विचारलं, शाळेच्या डायऱ्या मागवल्या, आणि रिपोर्टवर ‘अ‍ॅस्पर्जर’ लिहिलं, म्हणजे बोलणं वेळेवर येणाऱ्या ऑटिस्टिक मुलांसाठी तेव्हाचं वेगळं नाव. २०१३ला डीएसएम-५, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक, आलं आणि हे नाव वेगळं राहिलंच नाही, सगळं मिळून ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर झालं, स्पेक्ट्रम म्हणजे कमी-जास्त अशी सगळी रूपं एकाच पट्ट्यावर. हे बरंच झालं म्हणते मी. तर निदान झाल्यावर आम्ही त्याला सगळं समजावून सांगितलं, मी अर्थातच स्वमग्नता हा शब्द वापरला. त्यानं विचारलं, मग्न म्हणजे? मी म्हटलं, बुडालेला. तो म्हणाला, आई, पण मी बुडालेलो नाहीये, मला पोहता येतं.

त्या दिवसापासून माझ्या घरात तो शब्द बंद झाला. माझे शाळेतले सहकारी म्हणतात, तुम्ही मराठीच्या बाई असून इंग्रजी शब्दाची बाजू घेता? हो, घेते. ‘ऑटिझम’मध्येही तेच ‘स्वतः’ आहे, पण ते मराठी कानाला ऐकू येत नाही. तो आपल्याकडे कोरा आलाय. ‘स्वमग्न’ ऐकल्याऐकल्या अर्थ सांगून मोकळा होतो, आणि चुकीचा अर्थ सांगतो. त्यात आईवर ठपकाही येतो, मूल आत बुडालं म्हणजे कुणीतरी त्याला माया दिली नसेल. हे काही माझ्या मनचं नाही, पश्चिमेत काही दशकं आयांना ‘रेफ्रिजरेटर मदर’ म्हणत होते, थंड आई. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी पुस्तक लिहून दाखवलं की याचं मूळ जैविक आहे, ते सायकॉलॉजिस्ट होते आणि ऑटिस्टिक मुलाचे वडीलही होते. आणि ‘स्पेक्ट्रम’ची कल्पना रुजवणाऱ्या लोर्ना विंग, त्यांची मुलगी ऑटिस्टिक होती. घरात बघितलेलं असावं लागतं हो.

चिठ्ठी आली, बारा मिनिटं राहिलीत, आठ वाजता भजनी मंडळाला हॉल द्यायचाय. बरं, भराभर सांगते, लिहून घ्या.

निदान रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये होत नाही, वागणं बघून आणि लहानपणापासूनचा इतिहास विचारून होतं. दोन गोष्टी बघतात. एक, माणसांशी देवाणघेवाण, म्हणजे बोलणं, हावभाव, नाती. दोन, तेच तेच करणं, ठरलेल्या क्रमाचा हट्ट, एखाद्या विषयाचं टोकाचं वेड, आणि आवाज, स्पर्श, प्रकाश जास्त किंवा कमी जाणवणं. दोन्ही हवं, सुरुवात लहानपणी हवी, आणि जगण्यात अडचण येत असायला हवी.

लहान मुलांचं : वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही ‘तो बघ काऊ’ म्हणून बोटानं दाखवत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर थांबू नका. ‘मुलगे उशिरा बोलतात’, ‘याचा काकाही असाच होता’ हे सगळं ऐका आणि तरी जा. आधी कानाची बेरा टेस्ट, कारण ऐकूच येत नसेल तर वेगळा रस्ता. सोळा ते तीस महिन्यांसाठी एम-चॅट म्हणून वीस प्रश्नांची यादी आहे, ती चाळणी आहे, त्यात अडकलं म्हणजे निदान झालं असं नाही. निदान डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, बालमनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे. आणि रिपोर्टची वाट बघत स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी अडवून ठेवू नका. लसीमुळे होतं हे खोटं आहे, १९९८चा तो बारा मुलांवरचा लेख लॅन्सेटनं २०१० साली मागे घेतला. बरं करून देतो म्हणणाऱ्या स्टेम सेलवाल्यांना दागिने मोडून पैसे देऊ नका, हात जोडून सांगते.

सर्टिफिकेटचं : २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. आपल्याकडे इसा नावाची चाळीस मुद्द्यांची मोजपट्टी लावतात, ७०च्या खाली गुण आले की ऑटिझम नाही. माझ्या मुलाला ६८ आले. बोलतो ना तो. समोर दिसणारं मोजलं जातं, आदल्या रात्री न झोपता त्यानं त्या खोलीत बसायची तयारी कशी केली ते मोजलं जात नाही. दुसऱ्यांदा, सगळ्या डायऱ्या घेऊन गेलो तेव्हा मिळालं.

आता मोठ्यांचं, खरं तर यावरच एक संध्याकाळ हवी होती. पुण्यात विक्षिप्त माणसाचं आपल्याला कौतुक आहे, काका कुणाशी बोलत नाहीत पण घड्याळं काय दुरुस्त करतात! पण हे कौतुक काकांना मिळतं, सुनेला कोण देतंय? माझ्या वहिनीचं निदान एक्केचाळिसाव्या वर्षी झालं. त्याआधी थायरॉईड तपासून झालं, डिप्रेशनच्या गोळ्या झाल्या, ‘माणूसघाणी’ हे नाव तर लग्नापासूनच. तिची एक वही आहे, तिच्या परवानगीनं सांगते. हळदीकुंकवाला जायच्या आधी लिहिलेलं, ‘साडी छान आहे म्हणायचं. कुठून घेतली विचारायचं. समोरची हसली की आपण हसायचं, आधी नाही.’ वीस वर्षं ती प्रत्येक समारंभाआधी असा अभ्यास करून जायची आणि परत आल्यावर दिवे बंद करून पडून राहायची. शिकून घेतलेल्या युक्त्यांमागे ऑटिझम झाकला जाऊ शकतो हे डीएसएम-५मध्येच लिहिलंय, मुली आणि बायका यातच निदानातून सुटतात. इंटरनेटवर एक्यू म्हणून पन्नास प्रश्नांची चाचणी आहे, ती भरा, पण तिच्यावर थांबू नका, कारण सामाजिक भीती, ओसीडी म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा येणं, एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, यांतही गुण वर जातात, आणि एडीएचडी सोबत असूही शकतो. मोठ्यांच्या निदानात खरी अडचण असते लहानपणचं सांगणार कोण. वहिनीच्या आईला विचारलं, वय ७८, त्या म्हणाल्या, ही सागरगोटे कधी खेळलीच नाही, नुसती रांगेत लावायची, आणि कुणी एक हलवला तर जेवायची नाही. वहिनीच्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, अजून सांगा. तुमच्या घरात अशी म्हातारी माणसं असतील तर आजच विचारून लिहून ठेवा.

वेळ संपली, प्रश्न बाहेर जिन्यापाशी घेते. माझा मुलगा शेवटच्या रांगेत बसलाय, हेडफोन लावून, आज पाण्याच्या क्षेत्रातच डेटाचं काम करतो. त्याला धरणांबद्दल जरूर विचारा, मात्र पूर्ण उत्तर ऐकायची तयारी असेल तरच. आणि एक विनंती, टाळ्या वाजवू नका, अडीचशे माणसांच्या टाळ्या त्याला हेडफोनमधूनही लागतात. हात वर करून नुसते हलवा. हां, असे.