काचेतले नऊ महिने

(वेंगुर्ल्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी तरी कधी ना कधी हाताने कलम बांधलं असणार, म्हणून सुरुवात तिथूनच करते. कोय कलमासाठी आपण रायवळच्या बाठा रुजत घालतो. रोप पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस, तेवढ्यात त्याचा शेंडा छाटायचा, खोडाला मधोमध चीर द्यायची, हापूसची पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. त्या एवढ्याशा काडीतून मूळ झाडाचं सगळं उतरतं. गोडी उतरते, वास उतरतो आणि साकासुद्धा उतरतो. फळ वरून सोन्यासारखं आणि कापलं तर आत पांढरट, आंबूस गर, ही हापूसची खोड कलमाबरोबर येतेच. आपल्या इथल्याच फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ तयार झाला, त्यात साका होत नाही. पण त्यासाठी आधी दोन्ही झाडं वर्षानुवर्षं जवळून बघावी लागली.

मी पुण्यात जे काम करते त्यात मूळ झाडाच्या जागी माणूस असतो. ज्याला मेंदूचा जन्मजात आजार आहे त्याच्या त्वचेतल्या थोड्या पेशी घ्यायच्या आणि त्यांच्यापासून मेंदूच्या ऊतीचा एक छोटा गोळा वाढवायचा. त्या गोळ्यात त्या माणसाची जनुकं जशीच्या तशी येतात, म्हणजे त्याचा ‘साका’ही येतो. जिवंत माणसाचा मेंदू उघडून आजार कुठे सुरू झाला ते बघता येत नाही आणि तो सुरू झालेला असतो आईच्या पोटात. या गोळ्यात ते बघता येतं.

पण त्वचेच्या पेशीचा मेंदू कसा होणार? 2006 साली क्योतो विद्यापीठात शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतल्या पेशींत चार जनुकं घातली आणि त्या पेशी आपलं त्वचापण विसरून गर्भाच्या अगदी पहिल्या दिवसांतल्या पेशींसारख्या झाल्या. म्हणजे मूलपेशी, ज्यांच्यापासून शरीरातलं काहीही घडू शकतं. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही ते जमलं. 2012 साली यामानाका नोबेलचे मानकरी झाले.

आमचं रोजचं काम तुम्हाला आजूबाजूच्या कुठल्याही नर्सरीतल्यासारखं वाटेल. छोट्या वाटीत सुमारे नऊ हजार मूलपेशी सोडायच्या. रात्रीतून त्या एकमेकींना बिलगतात आणि त्यांचा एक गोळा होतो. खोकाभर इन्क्युबेटर, आत 37 अंश, कायम ओलसर हवा. साधारण दहाव्या दिवशी प्रत्येक गोळा उचलून जेलच्या एका थेंबात बसवायचा. हे जेल थंडीत पातळ असतं आणि उबेत घट्ट होतं, त्यामुळे हात भरभर चालवावा लागतो. मग तो थेंब गुलाबी पोषकद्रवात, सावकाश हलणाऱ्या तबकावर. दोन-तीन दिवसांनी द्रव पिवळसर दिसला की समजायचं, पेशींनी खाल्लं, आता बदला. शनिवार-रविवार नाही, गणपती नाही. महिन्याभराने सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की गोळ्यात पोकळ्या दिसतात आणि त्यांच्या कडेला पेशी फुलाच्या पाकळ्यांसारख्या दाटीने उभ्या असतात. त्या तशा उभ्या राहायला आम्ही सांगत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच नाही कितीतरी वेळ.

ही पद्धत 2013 साली व्हिएन्नातल्या एका संशोधन संस्थेत मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांनी मांडली. त्याच्या आधी जपानमध्ये योशिकी सासाई यांनी वाट बरीच साफ करून ठेवली होती. व्हिएन्नाच्या पहिल्याच शोधनिबंधात जन्मतः डोकं फार लहान असलेल्या एका रुग्णाच्या पेशींचे गोळे होते. ते वाढलेच नाहीत नीट. का? मेंदू घडताना काही पेशी नुसत्या संख्येने वाढत राहतात आणि मग त्यांच्यातून चेतापेशी होतात. या रुग्णाच्या पेशींनी वाढायच्या काळातच चेतापेशी व्हायची घाई केली. बियाण्याचं भात आधीच कांडून शिजवलं तर लावणीला तरवा कुठून आणणार? तसं झालं. पाठोपाठ 2015-16 मध्ये ब्राझीलमध्ये झिकाच्या साथीत लहान डोक्याची बाळं जन्मली, तेव्हा हेच गोळे कामी आले. विषाणू नेमका त्या वाढणाऱ्या पेशींवरच तुटून पडतो हे दिसलं. रिओमधल्या प्रयोगात बाधित गोळ्यांची वाढ सुमारे 40 टक्क्यांनी खुंटली होती.

मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतं ते दुसरंच. उंदराच्या पेशींचा गोळा भराभर तयार होतो. माणसाच्या पेशी माणसाच्याच चालीने चालतात, कितीही खाऊपिऊ घाला. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की गोळे अडीचशे ते तीनशे दिवसांचे झाले की त्यांच्यातल्या जनुकांचं काम बदलतं, गर्भातल्या मेंदूकडून जन्मलेल्या बाळाच्या मेंदूकडे सरकतं. आई नाही, नाळ नाही, प्रसूती नाही, तरी नऊ महिन्यांचा हिशेब पेशींपाशीच असतो.

आता ‘मिनी ब्रेन’ या शब्दाबद्दल. वर्तमानपत्रांना तो आवडतो, मला तो चुकीचा वाटतो. गोळा मसुराएवढा, फार तर चार मिलिमीटर. आपल्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी, याच्यात काही लाख. रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे प्राणवायू जेमतेम अर्धा मिलिमीटर आत पोहोचतो आणि गाभ्यातल्या पेशी मरतात. डोळे नाहीत, कातडी नाही, बाहेरचं जग आत येण्याची एकही वाट नाही.

एकदा 94 व्या दिवशी माझ्या गोळ्यांत बुरशी शिरली. सगळ्या डिशमध्ये ब्लीच ओतून ते टाकून द्यावे लागले. रात्री घरी फोन केला तेव्हा रडू आवरेना. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, “तेका दुखता काय गो?”

मी तेव्हा पटकन ‘नाही’ म्हटलं. आजही तेच उत्तर देईन, कारण वेदना नेणाऱ्या नसाच तिथे नाहीत. मेंदूला स्वतःला दुखत नाही, म्हणून तर काही शस्त्रक्रिया रुग्णाला जागं ठेवून करतात. पण तिच्या प्रश्नाचं वजन दरवर्षी वाढतंय. 2019 साली कॅलिफोर्नियात दहा महिने वाढवलेल्या गोळ्यांत तालबद्ध विद्युतलहरी नोंदल्या गेल्या. त्यांची काही लक्षणं दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या नोंदींशी जुळत होती. 2022 साली स्टॅनफर्डला सर्जू पाश्का यांच्या गटाने असे गोळे नवजात उंदरांच्या मेंदूत बसवले, आणि पुढे उंदराच्या मिशीला स्पर्श केला की माणसाच्या पेशी प्रतिसाद देऊ लागल्या. बाहेरच्या जगाची वाट तिथे उघडली. म्हणून कुठवर वाढवायचं, कुठे थांबायचं हे प्रयोग सुरू होण्याआधी लिहून ठेवलं पाहिजे, आणि ज्याच्या पेशी आहेत त्याला, त्याच्या आईवडिलांना, त्यांच्या भाषेत सांगितलं पाहिजे. संमतीचा कागद इंग्रजीत पुढे सरकवून सही घेतलेली मी बघितली आहे. ते मला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला इथून जाता येणार नाही. माझ्या नात्यातल्या एका घराने स्वमग्न मुलासाठी बागेचा तुकडा विकला आणि शहरातल्या एका दवाखान्यात स्टेम सेलची, म्हणजे मूलपेशींची, इंजेक्शनं घेतली. मूल होतं तसंच आहे, बाग गेली. त्यांना दाखवलेल्या माहितीपत्रकावर मेंदूच्या गोळ्यांचे फोटो होते. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, तिच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे: रक्ताच्या ठराविक आजारांसारखे मान्य उपचार सोडले तर मूलपेशी फक्त नोंदणीकृत चाचणीतच वापरायच्या, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. कुणी पैसे मागितले तर उठून या. मला फोन करा, पण आधी उठून या.

आमच्या गोळ्यांतून औषधाची वाट निघते, पण ती लांबून. 2024 साली टिमोथी सिंड्रोम या अतिशय दुर्मीळ आजारात पेशींमधला दोष एका औषधी रेणूने सुधारल्याचं याच गोळ्यांत दिसलं. तो रेणूही अजून मुलांपर्यंत जायचा आहे.

सध्या माझ्याकडे एका मुलीच्या पेशींचे गोळे आहेत. आज त्यांचा 212 वा दिवस. माझी सहकारी आत्ता पुण्यात त्यांचा द्रव बदलत असेल. त्या मुलीची आई दर महिन्याला फोन करून विचारते, “वाढतायत ना?” मी तिला वाढ मिलिमीटरमध्ये सांगते. तिला तेवढं पुरतं.

आता तुमचे प्रश्न घेऊया.