सायकल शिकवताना आधी पेडल काढा

लहानपणच्या सायकलची आठवण काढली की माणसं बहुधा उताराबद्दल बोलतात: पाय सोडलेले, वारा तोंडावर, सायकल आपोआप चाललेली. ही मजा मुलाला पहिल्याच दिवशी मिळू शकते. आपण मात्र त्याला आधी पेडल मारायला लावतो आणि मागून सीट धरून पळतो. सीट आपण धरली तर तोल आपणच सांभाळतो, मग मूल तो शिकणार कधी?

सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवलं की चाकं पुन्हा शरीराच्या खाली येतात. तोल म्हणजे मुख्यतः एवढंच, पण ते सतत करावं लागतं. आधाराची छोटी चाकं लावली की सायकल कलतच नाही. वळणावर मूल बाहेर झुकायला शिकतं आणि पुढे ती सवय मोडावी लागते. म्हणून ती चाकं लावूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. फिरत्या चाकांमुळेच सायकल उभी राहते, हा समजही अपुरा आहे. २०११ साली संशोधकांनी उलट फिरणारी जादा चाकं लावून तो परिणाम रद्द केलेली सायकल बनवली, तरी ती स्वाराविना तोल सावरत धावली.

तेव्हा दोन्ही पेडल काढा. बहुतेकांना १५ मिलिमीटरचा पाना लागतो. उजवं नेहमीसारखं सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं तरच निघतं. इथे भलतीकडे जोर लावून लोक ते आणखी घट्ट करून बसतात. १८१७ साली कार्ल द्राइस यांनी तयार केलेल्या दुचाकीलाही पेडल नव्हतेच, स्वार पायांनी जमीन रेटत जाई.

सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतील आणि गुडघे थोडे वाकलेले राहतील. ब्रेक मुलाच्या बोटांना पोचतो का आणि त्याला तो दाबता येतो का, तेही बघा. डोक्यावर हेल्मेट हवंच. जागा कडक जमिनीची, अगदी हलक्या उताराची आणि पुढे सपाट होणारी निवडा. दाट गवत मऊ असलं तरी वेग खातं, आणि वेग मेला की तोल सांभाळणं अवघड जातं.

आधी चालत, मग ढांगा टाकत, मग पाय उचलून घरंगळत जाऊ द्या. मूल पाय न टेकता वळायला आणि ब्रेकने थांबायला लागलं की पेडल परत बसवा. पहिले काही आटे हातानेच फिरवा. पेडल तिरकं बसलं तर क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांडीत बसतं तिचे, आटे कापले जातात. निघताना एक पेडल पुढे आणि आडव्यापेक्षा थोडं वर ठेवा, म्हणजे पहिल्याच दाबात वेग मिळतो. नजर चाकावर नको, समोर हवी.

मोठ्या वयात शिकणाऱ्यांनाही हीच पद्धत चालते. त्यांची अडचण बहुधा हातांत असते. भीतीने हँडल आवळलं की सावरण्यापुरतंही ते वळत नाही. कोपरं सैल सोडायला सांगा. सीट मात्र हळूहळू, तोल पक्का होईल तशी वर घ्या.