दीड गुंठा

(दृश्य : आटपाडी तालुका. दोन रानांमधला बांध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.)

हा बांध बघा. लांबी ३३० फूट. एके काळी यावरून बैलगाडी जायची, आता माणूससुद्धा नीट चालू शकत नाही. बांध एका रात्रीत जात नाही. नांगरताना फाळ जरासा बाहेर धरला, की वर्षाला चार बोटं माती आपल्याकडं येते. चार बोटं म्हणजे तीन इंच. वीस वर्षांत पाच फुटांची पट्टी. ३३० गुणिले ५ म्हणजे १६५० चौरस फूट, म्हणजे साधारण दीड गुंठा. पाऊसकाळ बरा झाला तर दोन-तीन पायल्या बाजरी.

यावर कायद्यात उपाय आहे, हद्द कायम मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा, फी भरायची, लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, मोजणीदार येऊन खुणा दाखवतो आणि तिथं दगड रोवायचे. बिघडतं कुठं, तर नोटीस मिळूनही शेजारी हजर राहत नाही, आणि रोवलेला दगड पुढच्या नांगरटीला उपसून निघतो. इथं दोन्ही झालं.

या रानाच्या मालकांचा धाकटा भाऊ याच बांधावर मारला गेला. मारणारे शेजारच्याच रानातले, ते जामिनावर सुटून गावात आले. भावाचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत यांनी त्यातल्या एकाला मारलं. कलम ३०२, जन्मठेप. मालकांचं नाव या चित्रफितीत घेतलेलं नाही.

(दृश्य : स्वतंत्रपूर. मोकळा रस्ता, घरं, दोरीवर वाळणारे कपडे.)

हे स्वतंत्रपूर. आटपाडीला लागून असलेली कैद्यांची खुली वसाहत. कैद्याची बायको आणि मुलं इथं त्याच्यासोबत राहतात.

ही वसाहत आली औंध संस्थानातून. संस्थान अवघं बहात्तर गावांचं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं २१ जानेवारी १९३९ रोजी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन त्या कामात त्यांच्यासोबत होते, आणि खून केलेल्या माणसालाही घर आणि शेती देऊन बघावी ही कल्पना त्यांनीच पुढं रेटली. १९३९ सालीच स्वतंत्रपूर उभं राहिलं. पुढं संस्थान विलीन झालं, आटपाडी दक्षिण सातारा जिल्ह्यात आली, त्याच जिल्ह्याचं नाव पुढं सांगली झालं, पण वसाहत चालू राहिली. साताऱ्या-सांगलीच्या शाळांत हा इतिहास मुलांना सांगायला हवा.

येरवडा आणि पैठणलाही खुली कारागृहं आहेत. तिथं कैदी शेतात राबतो, पण रात्री बराकीत एकटाच असतो. इथं तो आपल्या घरात झोपतो. इथं येण्यासाठी शिक्षेचा काही काळ बंद तुरुंगात काढलेला असावा लागतो, वर्तणूक चांगली आणि तब्येत अंगमेहनतीला धड असावी लागते. कैदी पळाला तर नवा गुन्हा दाखल होतो, शिक्षेत मिळालेली माफी जाते आणि पुन्हा गजाआड. सकाळ-संध्याकाळ हजेरी असते, मधल्या वेळात शेतीकाम.

कैद्याच्या घरच्यांनी यायला तयार असणं ही सगळ्यात अवघड गोष्ट, आणि बरीच प्रकरणं तिथंच अडतात. बाई माहेरी परतलेली असते, सासरचे पाठवत नाहीत, नाहीतर मुलाच्या शाळेचा प्रश्न येतो. त्या रानमालकांच्या पत्नीनं, या बाईंनी, नवरा आत असताना दुसऱ्याच्या रानात रोजानं भांगलण केली आणि मुलाला वाढवलं. मुलाखतीला गेल्या की जाळीच्या पलीकडून नवरा एकच विचारायचा, ते लोक हल्ली कुठं असतात. स्वतंत्रपूरला यायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली, त्या घराची चौकशी बंद. नवऱ्यानं ती मान्य केली, आणि पाळायला शिकले ते इथं. सकाळी बायकोनं बांधून दिलेली भाकरी घेऊन कामाला जायचं आणि हजेरीच्या आधी त्याच दारात परत यायचं, हे वर्षानुवर्षं केलं. खुनाच्या जन्मठेपेत माफी कितीही साठली तरी प्रत्यक्ष चौदा वर्षं काढावीच लागतात. त्यातली शेवटची वर्षं अशी गेली, म्हणून हे गृहस्थ सुटल्यावर गावात राहू शकले. अशा वसाहती प्रत्येक जिल्ह्यात हव्यात.

(दृश्य : डाळिंबाची बाग, जानेवारी. दोन बादल्या, निळं आणि पांढरं पाणी.)

आता या दोघांची बाग. आंबे बहाराची, म्हणजे या दिवसांत धरायच्या फुलोऱ्याची, छाटणी झाली आहे आणि खोडांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावायची आहे. मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर. दोन्ही पाच-पाच लिटरमध्ये वेगवेगळं भिजवायचं, तेही प्लॅस्टिकच्या बादलीत. लोखंडी भांड्यात मोरचूद भांड्यालाच खातं. चुना गाळून द्यायचं काम बाईंचं, ढवळायचं काम यांचं. मग घासलेला विळा मिश्रणात मिनिटभर बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला की समजायचं आम्लता राहिली, आणखी चुन्याची निवळी घालायची. तशीच पेस्ट लावली तर साल भाजते. दोघं पातं उन्हात धरून बघतात, आणि शेवटचा शब्द बाईंचा असतो. पेस्ट त्याच दिवशी संपवायची, खोडावर जमिनीपासून दोन फुटांपर्यंत.

छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायची. ते टाळलं तर तेल्या रोग एका झाडावरून पुढच्या झाडावर कात्रीनंच जातो.

(दृश्य : मोजणी. यंत्र, साखळी, बांधावर उभी माणसं.)

सुटून आल्यावर मोजणी पुन्हा लावली. या वेळी समोरच्या घरातली, यांच्या हातून मारल्या गेलेल्या माणसाची पत्नी हजर राहिली. दीड गुंठा यांचाच निघाला. तो त्या घराला सोडायचा, हे नवरा-बायकोनं आधीच ठरवलं होतं. त्या बाईंच्या घरी चित्रीकरण केलेलं नाही. दस्त नोंदवल्याशिवाय सातबारा बदलत नाही, म्हणून मसुदा लिहून घेतला आहे. देणार म्हणून यांची सही झाली, घेणार म्हणून त्या बाईंची व्हायची आहे.