कोटच्या आतला '&'

(पडद्यावर: दांडिया बाजारातली सकाळची वर्दळ. मग वरच्या मजल्यावरची खोली, लॅपटॉप.)

बडोद्याचा दांडिया बाजार. गायकवाडांच्या राज्यात इथे स्थिरावलेली मराठी घरं अजूनही या भागात आहेत. त्यातल्याच एका घरातली ही मुलगी. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून संख्याशास्त्र केलं, आता औषध-चाचण्यांचा डेटा सांभाळते. काम चालतं सॅस (SAS) या डेटा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये. कंपनी १९७६ सालची, पण या क्षेत्रात अजून पाय रोवून आहे. अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेकडे, चाचण्यांचा डेटा जातो, तोही सॅसच्या ट्रान्सपोर्ट फाइलींत.

आज तिला गेल्या महिन्याचं फोल्डर पुसायचंय. महिना दर वेळी बदलतो, म्हणून नाव मॅक्रो व्हेरिएबलमध्ये ठेवलंय: कोडमध्ये '&महिना' लिहायचं, चालवताना त्या जागी सॅस खरं नाव घालतं. यालाच उलगडणं म्हणायचं. सॅसमधून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला कमांड देते ती एक्स स्टेटमेंटने.

(पडद्यावर: एक्स 'आरएम -आर /डेटा/जुने/&महिना';)

ओळ दिसायला सरळ आहे: 'आरएम -आर' ही फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसणारी कमांड, पुढे फोल्डरचा पाथ, म्हणजे पत्ता. पण ती सिंगल कोटमध्ये आहे, आणि सिंगल कोटच्या आत सॅस मॅक्रो व्हेरिएबल उलगडत नाही. '&महिना' जसंच्या तसं लिनक्सच्या शेलकडे, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, जातं. शेलच्या लेखी '&'चा अर्थ वेगळाच: इथवरची कमांड संपली, ती मागे चालू द्या आणि पुढची घ्या. म्हणजे पहिली कमांड उरते 'आरएम -आर /डेटा/जुने/'. एका महिन्याच्या जागी सगळे महिने पुसले जातात. मग शेल 'महिना' नावाची कमांड शोधतं आणि सापडत नाही म्हणून कुरकुरतं. लोक त्या कुरकुरीच्या मागे लागतात. नुकसान तिच्या आधीच झालेलं असतं.

डबल कोट घातले की व्हेरिएबल उलगडतं. बहुतेक ठिकाणी शिकवणी इथेच थांबते, आणि मला तेच खटकतं. कारण व्हेरिएबल तयारच झालं नसेल, तर सॅस लॉगमध्ये फक्त वॉर्निंग देतं आणि '&महिना' तसंच पुढे ढकलतं. पुन्हा तोच घात.

म्हणून तिने आत आणखी एक जोडी घातली आहे. बाहेर डबल कोट, आत पाथभोवती सिंगल.

(पडद्यावर: एक्स "आरएम -आर '/डेटा/जुने/&महिना'";)

सॅस बाहेरचे कोट पाहतं, म्हणून व्हेरिएबल उलगडतं. आतले कोट शेलसाठी. नाव उलगडलं नाही, तरी शेल त्या '&'ला नावातलंच एक अक्षर समजतं; असं फोल्डर नसतं, म्हणून काहीच पुसलं जात नाही. फोल्डरच्या नावात स्पेस असली तरी पाथ तुटत नाही, हा वरचा फायदा.

तरीही एक फट राहते. व्हेरिएबल आहे, पण रिकामं. मग पाथ '/डेटा/जुने/'वरच संपतो आणि कितीही कोट लावले तरी सगळं जातं. यावर इलाज: मॅक्रोमध्ये आधी व्हेरिएबलची लांबी तपासायची, शून्य आली की तिथूनच बाहेर पडायचं. कमांडनंतर 'सिसआरसी', म्हणजे कमांडचा निकाल सांगणारा सॅसमधला आकडा, बघून इथे भागत नाही. त्यातला शून्य एवढंच सांगतो की कमांड पार पडली. भलतंच फोल्डर पुसलं तरी शून्यच येतो.

(पडद्यावर: लॉगची खिडकी.)

ती एक्सची ओळ कॉमेंटमध्ये टाकते, म्हणजे ती चालणार नाही, आणि तोच मजकूर पुट स्टेटमेंटने लॉगमध्ये छापते. पाथच्या शेवटी 'मार्च' आहे. आता ती कॉमेंट काढते आणि स्क्रिप्ट चालवते.