छोट्या गावातलं विद्यापीठ: प्रवेश घ्यावा का?

नमस्कार मंडळी. प्रवेशाचे दिवस आले की एक प्रश्न हमखास येतो. "विषय मनासारखा मिळतोय, पण विद्यापीठ पार आडगावात आहे. जाऊ का?"

आडगाव म्हणजे दुय्यम, ही समजूत आधी डोक्यातून काढून टाका. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं विद्यापीठ 1413 सालचं आहे आणि ते समुद्रकाठचं गाव आजही लहानच आहे. अमेरिकेत 1862 साली मॉरिल कायदा झाला. राज्यांना संसदेतल्या त्यांच्या प्रत्येक सदस्यामागे 30,000 एकर जमीन मिळाली. तिच्या विक्रीच्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायची होती. (ही जमीन मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, हेही सांगायलाच हवं.) आता शेती शिकवायची तर हाताशी शेत लागणारच. त्यामुळे त्यातली बरीच कॉलेजं लहान गावांच्या कडेला उभी राहिली.

म्हणून मी पहिल्यांदा विषय विचारतो. शेती, वनशास्त्र, भूगर्भशास्त्र, पक्ष्यांचा अभ्यास यांची प्रयोगशाळा वर्गाच्या दाराबाहेरच सुरू होते. खगोलशास्त्राला काळोखं आकाश मिळतं. पण पत्रकारिता, कायदा किंवा व्यवस्थापन शिकणाऱ्याला न्यायालयं, कंपन्या, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या जवळ लागतात. तिथे इंटर्नशिपसाठी सुट्टीभर शहरात खोली घ्यावी लागते. तो खर्च कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. छोट्या गावात शिक्षक भेटतात. गणिताच्या बाई टपालाच्या रांगेत तुमच्या मागेच उभ्या असतात. "त्या दिवशीची सिद्धता जमली का?" असं विचारतात आणि पाकिटाच्या मागच्या बाजूवर पुढची पायरी लिहून देतात. मोठ्या शहरात तास संपला की अर्धे प्राध्यापक गाडी पकडायला धावतात.

पण शिक्षक गावात टिकला, तरच हे सगळं. बाईंना नोकरी मिळाली, पण त्यांच्या नवऱ्याला त्या गावात काम कुठलं मिळणार? चांगली माणसं चार-दोन वर्षांत निघून जातात ती बऱ्याचदा याच कारणाने.

आणि एकटेपणा. प्रयोग संपवून रात्री थांब्यावर यावं, तर शेवटची बस केव्हाच गेलेली. खोली दोन मैलांवर, रस्त्यावर दिवे नाहीत. एखाद्या वेळी हे सोसतं. आजारी असताना, परीक्षेच्या तोंडावर, नाही सोसत. त्यातून सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे मन मोकळं करायलाही तिऱ्हाईत माणूस सापडत नाही.

गावाच्या बाजूनेही बघा. विद्यार्थी आले की खोल्यांची भाडी चढतात आणि गावातल्याच तरुण जोडप्याला घर परवडेनासं होतं. सेंट अँड्र्यूजमध्ये घरांची ही ओढाताण वर्षानुवर्षं चालू आहे. उलट विद्यापीठ गेलं तर? वेल्समधलं लँपीटर हे जेमतेम काही हजार वस्तीचं गाव. तिथल्या कॉलेजची पायाभरणी 1822 सालची. मुलं घटत गेली आणि 2025 मध्ये तिथले मानव्यविद्येचे वर्ग कार्मार्दनला हलवले. दोन शतकं ज्या गावाची घडी विद्यार्थ्यांवर बसली होती, त्या गावाच्या जिवाला हे किती लागलं असेल! शहरात एक कॉलेज बंद झालं तर चार उरतात. इथे उरतात त्या रिकाम्या इमारती.

म्हणून प्रवेश घेण्याआधी एकदा सुट्टीच्या आठवड्यात जाऊन या. सत्र चालू असताना सगळंच गजबजलेलं दिसतं. शेवटची बस किती वाजता, रात्री डॉक्टर कुठे, हे थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारा. मग विभागात जा आणि विचारा, पाच वर्षांपूर्वी इथे कोण शिकवत होतं, आणि त्यातलं आज कोण आहे? लँपीटर आठवून आणखी एक विचारा: या विषयाला यंदा किती मुलं आहेत?