दीड रुपयाची रिंग

मंडळी, आधी टेबलावरच्या या गृहस्थांकडे बघा. धड इकडे, कंबर तिकडे, आणि दोन्ही पाय एका लोखंडी आकड्याला लटकलेले. उंची पावणेचार इंच. हा जी. आय. जो., खेळण्यातला सैनिक. काल रात्री पेटीतून काढला तेव्हा अखंड होता. उभा करायला गेलो, पोटात टक्‌ आवाज झाला आणि साहेब कोसळले. तो लढाईत मेलेला नाही. त्याच्या पोटातली रबराची रिंग वाळून तुटली, एवढंच.

जुनी खेळणी गोळा करतो म्हटलं की लोक विचारतात, सगळ्यात महाग कुठलं? माझा अनुभव असा, की या छंदात खेळण्यापेक्षा त्याचा सगळ्यात हलका, सगळ्यात फालतू भागच महाग पडतो. बंदूक, टोपी, झगा, पुठ्ठा. पोरं जे आधी हरवतात ते.

ही जात जन्मली अमेरिकेत, १९६४ साली. हॅस्ब्रो कंपनीने मुलग्यांसाठी बाराएक इंची सैनिक काढला, तोच पहिला जी. आय. जो. कपडे बदलता येणारा, सांधे हलणारा, म्हणजे सरळ बाहुलाच की! पण बाहुला म्हटलं तर बाप विकत घेणार नाहीत, म्हणून नाव ठेवलं ‘अ‍ॅक्शन फिगर’. आपल्याकडे ठकीशी खेळणाऱ्या मुलग्याला जे ऐकावं लागायचं, तेच तिकडेही होतं म्हणायचं. त्या पहिल्या सैनिकाच्या उजव्या अंगठ्याचं नख उलट्या बाजूला आहे. नक्कल करणाऱ्याने तीच चूकही उचलली की तो सापडायचा. नखाएवढ्या चुकीवर कंपनीने आपली मालकी राखली.

मग १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आला. खेळण्यांचा परवाना होता सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे. सिनेमा इतका चालेल असं कुणाला वाटलं नव्हतं, त्यामुळे नाताळ तोंडावर आला तरी माल तयार नाही. तेव्हा त्यांनी काय विकलं? रिकामं पाकीट! आत चित्राचा पुठ्ठा आणि एक कुपन. कुपन टपालाने पाठवायचं, मग पुढच्या वर्षी चार बाहुले घरपोच. नाताळच्या सकाळी पुठ्ठा हातात आलेल्या त्या पोरांचा चेहरा मला बघायचा होता. आज तोच पुठ्ठा धड अवस्थेत मिळाला तर संग्राहक जपून ठेवतात.

केनरने आकार पावणेचार इंचांवर आणला. कारण व्यवहारी होतं. बाहुला बारा इंची केला तर त्याचं अंतराळयान दिवाणखान्याएवढं करावं लागेल. या मालिकेत जावा नावाचा एक बुटका आहे, सव्वादोन इंचांचा. सुरुवातीला त्याला व्हिनाइलचा झगा होता. एवढासा बाहुला, अंगावर रेक्झिनचा तुकडा आणि किंमत मोठ्यांइतकीच, हे बरं दिसेना, म्हणून कंपनीने लवकरच कापडी झगा दिला. कापडी झग्याचा जावा आजही ढिगाने मिळतो. व्हिनाइलवाला सहसा मिळत नाही.

मी तो घेतला. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून, फोटो बघून, बायकोला न सांगता. पार्सल आलं, भिंगाखाली धरलं. झग्याची खालची कड बघा, असं जाणकार सांगतात. माझ्या जावाच्या कडेवर कात्रीचे दोन टप्पे स्पष्ट दिसत होते. याच मालिकेतल्या बेन केनोबी नावाच्या म्हाताऱ्याचा तपकिरी झगा कापून बुटक्याला चढवला होता. पैसे परत आले नाहीत. तो जावा माझ्याकडे अजून आहे, कपाटात सगळ्यात पुढे ठेवलाय. दर वेळी खरेदीला हात शिवशिवला की आधी त्याचं तोंड बघतो.

आणखी एक बारकी वस्तू. १९७९ साली केनरने बोबा फेट नावाचा बाहुला जाहीर केला, पाठीवरून क्षेपणास्त्र सोडणारा. त्याच सुमारास दुसऱ्या कंपनीच्या खेळण्यातलं असंच क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावलं. केनरने घाबरून बेत सोडला आणि क्षेपणास्त्र चिकटवूनच माल विकला. सुटणाऱ्या क्षेपणास्त्राचे नमुने फक्त कंपनीत बनले, दुकानात कधी आलेच नाहीत. त्यातला एक २०२४ साली लिलावात सव्वापाच लाख डॉलरला गेला. फरक काय, तर एक स्प्रिंग आणि एक खटका.

आता आपल्या माणसाकडे येऊ. १९८२ साली हॅस्ब्रोने जी. आय. जो.ला याच पावणेचार इंचांत पुन्हा आणलं. आपल्याकडे १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल काढली. टायरवाले खेळण्यांत उतरले, आणि कारखाना टाकला गोव्यात! अमेरिकेत वापरून झालेले साचे इकडे यायचे, रंग मात्र इथले. तिकडे हिरवा असलेला गडी इकडे भलत्याच रंगात निघायचा. आम्हाला वाटायचं, असेल तसाच. पुढे कळलं की याच विचित्र रंगांसाठी अमेरिकन संग्राहक फनस्कूलचा माल शोधतात.

पाकिटाच्या पुठ्ठ्यामागे त्या सैनिकाची कुंडली छापलेली असे. खरं नाव, हुद्दा, स्वभाव. कडेने तुटक रेघ, कात्रीने कापून ठेवण्यासाठी. आम्ही इमानेइतबारे कापल्या. कंपनीनेच सांगितलं होतं ना! आज न कापलेल्या पुठ्ठ्याला भाव आहे आणि माझ्याकडे चपलांच्या खोक्यात त्रेचाळीस कापलेल्या कुंडल्या आहेत. बंदुका तर आईच्या केरसुणीने कधीच नेल्या.

असो. हे बघा, पाठीत एकच स्क्रू आहे. काढला. छाती दोन फाळ्यांत उघडली, हात आणि डोकं सुटं झालं. ही जुनी रिंग, बोटात धरली तर मुरमुऱ्यासारखी मोडते. रबराला इलाज नाही, डबीत ठेवलं तरी वाळतंच. ही नवी आमच्या कोपऱ्यावरच्या नळाच्या सामानाच्या दुकानातली, दीड रुपयाला एक. दुकानदाराने विचारलं, कुठला नळ गळतोय? मी म्हटलं, सैनिक.

रिंग पायांच्या आकड्यात अडकवली. कंबरेतून वर ओढली. आता छातीतल्या या खुंटीवर... थांबा, निसटली. चष्मा द्या जरा. हं, बसली. हात, डोकं जागेवर, वरून दुसरा फाळा. स्क्रू फार आवळायचा नाही, प्लॅस्टिक तडकतं. उभा राहिला बघा.

पहिल्या रांगेपासून फिरवा. कंबर वळवा, पाय दुमडा, काही होणार नाही. फक्त मुठीत बंदूक खुपसू नका. डावा अंगठा माझ्या मामेभावाने १९९४च्या मे महिन्यात मोडलाय, उजवा अजून शाबूत आहे.